सोपा फळांचा कॉब्लर: डब्यातल्या पीचचा आणि डोंगरकड्याच्या केळीचा

भांड्याच्या तळाशी गरम तूप, त्यावर सैल पीठ आणि सगळ्यांत वर गोड फळाच्या फोडी. कॉब्लरची रचना इतकीच. ढवळायचे नाही, लाटायचे नाही, मळायचे नाही. आच लागली की पीठ फुगून फोडींच्या मधून वर येते, फोडी खाली बसतात, कडा तुपात खरपूस होतात आणि मधला भाग रसाने ओला राहतो. अंडे लागत नाही, त्यामुळे कोणत्याही घरात, कोणत्याही दिवशी तो करता येतो. ओव्हन असला तर चांगलेच. नसला तरी जुनी कढई किंवा चूल पुरते.

हा पदार्थ मुळात अमेरिकेचा. एकोणिसाव्या शतकात तिकडचे वसाहतकार पश्चिमेकडे सरकत होते, तेव्हा त्यांच्यापाशी भट्टी नव्हती. होते ते बिडाचे जाड, झाकणाचे भांडे. त्यात मिळेल ते ताजे, सुके किंवा डबाबंद फळ घालायचे, वर पिठाचा थर द्यायचा, खाली निखारे, झाकणावरही निखारे. आपल्याकडे कोकणात काकडीचे धोंडस असेच वर-खाली निखारे ठेवून भाजत आले आहेत. म्हणजे ज्याला आपण ‘बेकिंग’ म्हणून शहरी यंत्राशी जोडतो, ते काम आपल्या चुलीला नवे नाही.

डोंगरकडा हे हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातले गाव. नांदेडहून हिंगोलीकडे निघाले की अर्धापूर मागे टाकल्यावर हा भाग लागतो. इसापूर धरणाच्या कालव्याचे पाणी या पट्ट्यात खेळते, म्हणून इथे ऊस आहे, हळद आहे आणि मुख्य म्हणजे केळी आहे. पीच इथे पिकत नाही. त्या झाडाला हिवाळ्यात लांबलचक थंडी लागते. भारतात ते हिमाचल प्रदेशात, सिरमौर जिल्ह्यातल्या राजगडसारख्या भागात आणि उत्तराखंडच्या डोंगरांत होते. ताजे फळ नाजूक आणि हंगाम थोडका, त्यामुळे मराठवाड्यात पीच भेटतो तो बहुधा डब्यातला. नांदेडच्या मोठ्या दुकानांत किंवा ऑनलाइन मागवून तो मिळतो.

मग केळीच्या गावात पीचची कृती कशाला? कारण डब्यातल्या पीचने कॉब्लर शिकणे सर्वांत सोपे. फळ सोललेले, शिजलेले, पाकात मुरलेले असते. आंबट-गोडाचा तोल जमलेला असतो, प्रत्येक डबा जवळजवळ सारखा निघतो. चूक व्हायला जागाच कमी. हात बसला की तीच रीत आपल्या बागेतल्या केळीला लावायची. म्हणून आधी पीचची कृती देते, मग केळीची.

हे जमते कसे

कृतीआधी एवढे समजून घेतले तर पुढे मापे बदलतानाही पदार्थ फसणार नाही.

तूप गरम असायला हवे. गरम तुपावर पीठ पडले की तळ आणि कडा लगेच धरतात आणि तूप कडेने वर चढते. तीच खरपूस कड कॉब्लरची खरी चव. ढवळले तर तूप पिठात मिसळते आणि हाती साधा केक येतो.

पीठ सैल हवे. त्यातली बेकिंग पावडर ओल आणि उष्णता मिळाली की वायू सोडते, पीठ हलके होऊन वर येते, जड फोडी खाली जातात. पीठ घट्ट झाले तर ते फोडींच्या खालीच अडकते आणि वरचे फळ कोरडे पडते.

फळाला आंबटपणा हवा. पीच, अननस, आंबा यांत तो थोडाफार असतो. केळीत फारच कमी, म्हणून तिथे लिंबाचा हात सढळ ठेवावा लागतो.

साहित्य

सहा ते आठ जणांसाठी, २२ सेंटिमीटर व्यासाचे आणि किमान ५ सेंटिमीटर खोल भांडे धरून. कप म्हणजे २४० मिली, मोठा चमचा १५ मिली, छोटा चमचा ५ मिली. घरातल्या वाट्या लहानमोठ्या असतात, म्हणून वजनेही दिली आहेत.

- पाकातल्या पीचचा डबा: साधारण ८५० ग्रॅमचा १ (पाक निथळल्यावर ४५० ते ५०० ग्रॅम फळ)
- मैदा: १ कप (१३० ग्रॅम)
- साखर: अर्धा कप (१०० ग्रॅम), शिवाय वर भुरभुरायला १ मोठा चमचा
- बेकिंग पावडर: दीड छोटा चमचा
- मीठ: पाव छोटा चमचा
- दूध: १ कप, फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवलेले
- साजूक तूप: ८० ग्रॅम, किंवा लोणी १०० ग्रॅम
- डब्यातला पाक: ४ मोठे चमचे
- लिंबाचा रस: २ छोटे चमचे
- सुंठ पूड: पाव छोटा चमचा, किंवा दालचिनी पूड अर्धा छोटा चमचा
- जायफळ: किसून दोन चिमटी

लोण्यात पाण्याचा अंश असतो, तुपात नसतो, म्हणून तूप कमी लागते. लोणी मिठाचे असेल तर वरचे मीठ वगळा.

मैद्याऐवजी गव्हाचे पीठ वापरायचे असेल तर आधी निम्मे-निम्मे करून पाहा. चाळून घ्या आणि दूध २ ते ३ मोठे चमचे वाढवा, कारण कणीक जास्त ओल शोषते. चव खमंग येते, फुगवटा थोडा कमी राहतो.

बेकिंग पावडर गावात मिळाली नाही तर अर्धा छोटा चमचा खाण्याचा सोडा घ्या आणि दुधाऐवजी १ कप थोडे आंबट, दाट ताक वापरा. सोड्याला आंबट लागतेच; गोड्या दुधात नुसता सोडा घातला तर साबणी चव येते. सोडा-ताकाचे पीठ कालवल्यावर थांबू नका, लगेच भाजायला लावा.

डबा ४०० ते ४५० ग्रॅमचा लहान असेल तर सगळे निम्मे करा आणि १६ सेंटिमीटरचे भांडे घ्या. पहिल्यांदा करणाऱ्यांना हे प्रमाण सोयीचे.

डबा निवडताना आणि उघडताना

फळ डब्यात बंद करून उष्णतेने टिकवण्याची रीत फ्रान्सच्या निकोला अपेर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जगापुढे आणली. त्यांनी काचेच्या बाटल्या वापरल्या. १८१० मध्ये इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँड यांनी पत्र्याच्या डब्यासाठी पेटंट घेतले. तत्त्व आजही तेच: हवा आत जाऊ नये असे तोंड बंद करायचे आणि आतले जंतू उष्णतेने मारायचे. म्हणून डब्याचे तोंड आणि सांधे शाबूत असणे सर्वांत महत्त्वाचे.

दुकानात डबा हातात घेऊन फिरवून पाहा. वरचे किंवा खालचे झाकण फुगलेले असेल, सांध्यावर पोचा पडला असेल, गंज चढला असेल किंवा कुठे चिकट ओघळ असेल तर तो घेऊ नका. घरी उघडताना आतून जोराने फसफसून रस उडाला, किंवा वास नेहमीपेक्षा वेगळा आला, तर चव घेऊन खात्री करू नका. सरळ फेकून द्या. लेबलवर मुदत, एफएसएसएआयचा परवाना क्रमांक आणि निथळलेल्या फळाचे वजन पाहा. डब्याचे वजन आणि फळाचे वजन यांत बराच फरक असतो. घट्ट पाकातले फळ असेल तर पिठातली साखर २० ग्रॅम कमी करा.

डबा उघडण्याआधी वरून धुऊन पुसा. गाडीतली, गोदामातली धूळ झाकणावर असते आणि ती उघडताना आत पडते. उरलेले फळ डब्यातच फ्रिजमध्ये ठेवू नका. आंबट रस आणि उघडा पत्रा एकत्र राहिले की धातूची चव उतरते. काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढा आणि तीन दिवसांत संपवा.

भांडे आणि आच

ओव्हन असेल तर १८० अंश सेल्सिअसला १० मिनिटे आधी तापवा. वीज मध्येच जाण्याची भीती असेल तर कढईवरच भरवसा ठेवा. अर्धवट फुगलेले पीठ थंड झाले की पुन्हा तसे फुगत नाही.

कढईची रीत अशी. मोठी, जाड बुडाची जुनी कढई किंवा पातेले घ्या, ज्यात भाजण्याचे भांडे भोवती दोन बोटे जागा ठेवून बसेल. तळाला जाडे मीठ किंवा स्वच्छ, चाळलेली, पूर्ण कोरडी वाळू दोन सेंटिमीटर पसरा. त्यावर लोखंडी कडे किंवा उपडी स्टीलची ताटली ठेवा. घट्ट बसणारे जड झाकण लावून मध्यम आचेवर १० ते १२ मिनिटे तापवा. रोजचा कुकर यासाठी वापरू नका. पाण्याशिवाय पुन्हा पुन्हा तापवल्याने त्याचे बूड खराब होते. नॉनस्टिक कढईही नको, तिचा लेप कोरड्या उष्णतेने बिघडतो. तळाला पसरलेले मीठ पुढच्या भाजणीला पुन्हा चालते, स्वयंपाकाला नाही.

चुलीवर करायचे असेल तर जाळ पूर्ण बसू द्या. ज्वाळेवर तळ करपतो आणि वर कच्चे राहते. धगधगीत निखारे तयार झाले की थोडे खाली पसरा, जास्त लोखंडी झाकणावर ठेवा. वरची आच खालच्यापेक्षा नेहमी जास्त असावी. वारा लागणार नाही पण हवा खेळती राहील अशी जागा निवडा.

भाजण्याचे भांडे स्टीलचे, जाड ॲल्युमिनियमचे किंवा ओव्हनच्या काचेचे चालते. काचेचे भांडे फक्त ओव्हनसाठी. गॅसवर किंवा निखाऱ्यावर ते तडकते. त्यात करायचे असेल तर तूप वेगळ्या कढल्यात वितळवून घ्या.

डोंगरकड्यात बटर पेपर शोधायची गरज नाही. केळीचे पान धुऊन, पुसून, आचेवरून दोन्ही बाजूंनी झरझर फिरवा. पान मऊ होते, रंग गडद होतो आणि ते न फाटता वळते. मधला दांडा काढून भांड्याच्या आत बसवा, कडा वर येऊ द्या. पानामुळे तळ करपत नाही, कॉब्लर अख्खा उचलता येतो आणि वास सुरेख लागतो. पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत हळदीची हिरवी पानेही वावरात असतात. त्यांतले एखादे केळीच्या पानाखाली घाला, त्याचा सुगंध फळाला छान साथ देतो. पान वापरणार असाल तर तूप वेगळे गरम करून मग त्यावर ओता.

कृती

१. पीच चाळणीत ओता, खाली भांडे ठेवून पाक धरा. दहा मिनिटे निथळू द्या. अर्ध्या फोडी असतील तर प्रत्येकीचे तीन किंवा चार काप करा. फार बारीक चिरू नका, त्या विरघळून जातात.

२. कापांवर लिंबाचा रस, सुंठ किंवा दालचिनी, जायफळ आणि ४ मोठे चमचे पाक घालून हलक्या हाताने वरखाली करा. बाजूला ठेवा.

३. कढई किंवा ओव्हन तापायला लावा. पीठ कालवण्याआधी आच तयार हवी, हा क्रम मोडू नका.

४. मैदा, बेकिंग पावडर आणि मीठ एकत्र दोनदा चाळा. त्यात साखर मिसळा.

५. दूध एकदम न घालता आधी निम्मे घाला, गुठळ्या मोडा, मग उरलेले घाला. पीठ धिरड्याच्या पिठाइतके सैल व्हायला हवे. गुठळ्या मोडल्या की थांबा. फार घोटले तर मैदा चिवट होतो.

६. भाजण्याच्या भांड्यात तूप घालून मंद आचेवर गरम करा. धूर येऊ देऊ नका. पिठाचा थेंब टाकल्यावर चुरचुरला की तूप तयार.

७. गॅस बंद करा. पीठ भांड्याच्या मधोमध सावकाश ओता. तूप कडेने वर येईल, पिठावरही थोडे तरंगेल. ते तसेच राहू द्या. चमचा लावू नका.

८. फळाचे काप पिठावर सगळीकडे सारखे पसरा. मधोमध ढीग करू नका, तो भाग कच्चा राहतो. खाली उरलेला रस चमच्याने वरून सोडा. पुन्हा सांगते, ढवळायचे नाही.

९. वरून १ मोठा चमचा साखर भुरभुरा. ती वितळून वरचा पापुद्रा कुरकुरीत करते.

१०. सांडशीने भांडे कढईत उतरवा, झाकण लावा. पहिली पाच मिनिटे मध्यम आच, नंतर मंद. कढईत ५५ ते ६५ मिनिटे लागतात, ओव्हनमध्ये ४५ ते ५०. निम्म्या प्रमाणाला कढईत ४० ते ४५ मिनिटे धरा. पहिला अर्धा तास झाकण अजिबात उघडू नका, थंड हवेने पीठ बसते.

११. कढईत वरचा रंग फिका राहतो. शेवटची दहा मिनिटे झाकण थोडे तिरके ठेवून वाफ जाऊ द्या. मग लोखंडी तवा खूप तापवून कढईच्या तोंडावर तीन-चार मिनिटे झाकणासारखा ठेवा. वरचा भाग तांबूस होतो. चुलीवर हेच काम झाकणावरचे ताजे निखारे करतात.

१२. झाले की नाही हे तीन खुणांवरून ओळखा. कडा भांड्यापासून सुटलेल्या असतात. कडेचा रस दाट होऊन संथ बुडबुडतो. आणि फळाच्या नाही, पिठाच्या भागात खुपसलेली काडी कोरडी निघते.

१३. बाहेर काढून किमान २० मिनिटे थांबा. गरम असताना रस पातळ वाटतो. थोडा निवला की तो पिठात मुरतो आणि चमच्याने नीट वाढता येतो. ही थांबण्याची पायरी गाळू नका.

वाढणे आणि ठेवणे

कॉब्लर कोमट खावा. त्याच्या वड्या पाडत नाहीत, मोठ्या चमच्याने खरपूस कड आणि ओला मधला भाग दोन्ही येतील असा वाढतात. सोबत घरच्या दुधाची थंड साय, दाट बासुंदी किंवा व्हॅनिला आइस्क्रीम. डब्यातला उरलेला पाक टाकू नका. मंद आचेवर निम्मा आटवा, लिंबू पिळा आणि वरून सोडायला ठेवा. किंवा गार पाणी आणि चिमूटभर मीठ घालून सरबत करा.

हिवाळ्यात तो झाकून एक दिवस बाहेर टिकतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात मात्र काही तासांतच फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन दिवसांत संपवा. ॲल्युमिनियमच्या भांड्यात केला असेल तर उरलेला स्टीलच्या डब्यात काढा. पुन्हा गरम करताना तव्यावर झाकून मंद आच द्या, म्हणजे कड परत कुरकुरीत होते.

आता केळीचा कॉब्लर

नांदेड-हिंगोलीच्या या पट्ट्यात केळीची अर्धापुरी जात पूर्वापार लावली जाते. ऊतिसंवर्धित रोपांमुळे ग्रँड नैनही भरपूर झाली आहे. कोणतीही चालेल. महत्त्व आहे ते पिकण्याच्या टप्प्याला. साल पूर्ण पिवळी, तपकिरी ठिपके नुकते दिसू लागलेले, पण दाबल्यावर फळ अजून ताठ, अशी केळी घ्या. हिरव्या टोकाच्या केळीत पिष्ट जास्त असते, ती तुरट लागते. फार पिकलेली आचेवर विरघळते. ती शिकरणीला ठेवा.

पीचच्या डब्यात जे तयार मिळते ते इथे आपण तयार करायचे, म्हणजे पाक आणि आंबटपणा. त्यासाठी गूळ आणि लिंबू.

- केळी: ५ ते ६, सोलून साधारण ५०० ग्रॅम
- गूळ चिरून: ८० ग्रॅम
- पाणी: पाव कप
- लिंबाचा रस: दीड मोठा चमचा
- जायफळ: पाव छोटा चमचा किसून
- वेलची पूड: पाव छोटा चमचा
- मीठ: एक चिमूट

पिठाचे साहित्य वरचेच, फक्त साखर ७५ ग्रॅम करा.

१. गूळ आणि पाणी मंद आचेवर विरघळवा. एक उकळी आली की गाळून घ्या; गुळात खडे, चिपाड असते. पुन्हा दोन मिनिटे उकळून किंचित दाट करा, तार येऊ देऊ नका. पूर्ण गार होऊ द्या.

२. गार पाकात निम्मा लिंबाचा रस, जायफळ, वेलची आणि मीठ घाला.

३. केळी आयत्या वेळी सोला. दीड सेंटिमीटर जाड चकत्या करा आणि लगेच उरलेल्या लिंबाच्या रसात घोळा. कापलेल्या केळीतले विकर हवेशी संयोग झाला की फळ काळवंडवतात. लिंबाचे आम्ल त्यांना रोखते. डब्यातल्या पीचला हे करावे लागत नाही, कारण उष्णतेने ते विकर आधीच निकामी झालेले असतात.

४. चकत्या गुळाच्या पाकात हलक्या हाताने घाला. शिजवू नका.

५. पुढे पीचप्रमाणेच: गरम तूप, त्यावर पीठ, त्यावर केळी, वरून उरलेला पाक. वेळ तोच, पण तळाकडे लक्ष हवे. गूळ साखरेपेक्षा लवकर करपतो, म्हणून कढईत मिठाचा थर थोडा जाड ठेवा आणि आच मंदच राहू द्या.

गूळ दुधाच्या पिठात घालण्याचा मोह टाळा. गुळाच्या अंगच्या आम्लाने दूध फाटू शकते. तो फळाबरोबर राहिला की फळालाही रंग येतो आणि पीठही हलके होते.

आणखी फळे

अननसाच्या चकत्यांचा डबा पीचपेक्षा सहज मिळतो आणि कृतीत काही बदल करावा लागत नाही. ताजा अननस मात्र आधी साखर घालून दहा मिनिटे शिजवा. कच्च्या अननसात प्रथिने फोडणारे विकर असते, त्याने दूध फाटते आणि चव कडू होते. डब्यातल्या फळात ते उष्णतेने गेलेले असते.

पेरू घ्यायचा तर बिया काढून, फोडी साखर आणि थोड्या पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवा. तिखटाची अगदी छोटी चिमूट त्याला शोभते. मे महिन्यात पिकलेला पण कडक केसर आंबा घ्या, त्याला फक्त लिंबू आणि वेलची पुरे. चिकू फार गोड असतो, त्याला लिंबू वाढवा आणि पिठातली साखर निम्मी करा.

काही बिघडले तर

मधला भाग कच्चा राहिला: फळाचा रस जास्त पडला किंवा आच आधी तापलेली नव्हती. झाकून आणखी दहा-बारा मिनिटे मंद आचेवर ठेवा. पुढच्या वेळी फळ नीट निथळा.

पीठ वर आलेच नाही: बेकिंग पावडर जुनी असावी. अर्धा चमचा पावडर गरम पाण्यात टाकून पाहा. जोरात फसफसली तर चांगली, नाहीतर नवी आणा.

तळ करपला: कढईत मिठाचा थर पातळ होता किंवा भांडे तळाला टेकले. वरचा भाग चमच्याने काढून वाढा, करपलेला खरवडू नका, त्याचा कडवटपणा सगळीकडे पसरतो.

वर तूप तरंगते आहे: निवताना ते बहुतेक मुरते. वीस मिनिटांनंतरही दिसले तर पुढच्या वेळी तूप १० ग्रॅम कमी करा.

वरचा भाग ओलसर, चिकट: झाकणाची वाफ परत पडली. झाकण सपाट नको, घुमटाचे घ्या, म्हणजे पाणी कडेने उतरते.

शेवटी

एप्रिल-मेच्या वादळी वाऱ्यात या पट्ट्यातल्या केळीच्या बागा आडव्या होतात आणि वर्षाची मेहनत एका संध्याकाळी जाते. कॉब्लर त्यावर उपाय नाही आणि तसा दावाही नाही. पण कटाई झाल्यावर बागेत राहिलेल्या, घडातून सुटलेल्या, व्यापाऱ्याने बाजूला काढलेल्या फण्या घरात पिकतात आणि शिकरण करूनही उरतात. त्या उकिरड्यावर जाण्याऐवजी ताटात याव्यात, एवढे तरी आपल्या हातात आहे. गावातल्या महिला बचत गटांनी ही कृती अवश्य करून पाहावी. लागणारे साहित्य बहुतेक गावातलेच आहे, यंत्र लागत नाही, अंडे नसल्याने कोणाला वर्ज्य नाही, आणि कढईभर पदार्थात आठ जणांचे तोंड गोड होते. विकायचा विचार असेल तर आधी एफएसएसएआयची नोंदणी करून घ्या आणि त्याच दिवशी संपेल इतकाच करा.

पहिल्यांदा पीचचा एक डबा आणा, हात बसवा. त्यानंतर दुकानाची वाट धरू नका, बागेची धरा. चवीला केळीचा कॉब्लर पीचच्या कॉब्लरला कुठेही कमी पडत नाही.